स्पेनचे पर्यटक सांभाळताना: इनबाउंडमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

डेले या स्पॅनिशच्या परीक्षेची बी-१ किंवा बी-२ पातळी पास झाली की बरीच मुलंमुली इनबाउंड, म्हणजे परदेशी पाहुण्यांना भारत दाखवणाऱ्या कंपन्यांकडे वळतात. भाषा बहुतेकांची भागण्यापुरती असते. पहिल्या हंगामात घोळ होतात ते तारखा, जेवण, आडनावं आणि दर यांत. म्हणून व्याकरणाच्या उजळणीआधी हे वाचा.

सुरुवात कॅलेंडरपासून. स्पेनमध्ये नोकरदाराला कायद्याने वर्षाला किमान ३० दिवस रजा मिळते, शनिवार-रविवार धरून. त्यातला मोठा भाग लोक ऑगस्टमध्ये घेतात. आपल्या हॉटेलवाल्यांच्या डोक्यात परदेशी हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, आणि स्पेनची मोठी लाट येते ऐन पावसात. जानेवारीसाठी केलेला कार्यक्रम ऑगस्टवर तसाच चिकटवला की गडबड झालीच. ताडोबाचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. घारापुरीच्या लाँच खराब हवामानात रद्द होतात, त्यामुळे त्या दिवसासाठी पर्यायी कार्यक्रम आधीच लिहून ठेवावा लागतो. दिल्ली-आग्र्याला दमट उकाडा, म्हणून उघड्यावरची स्मारकं सकाळी नऊच्या आत उरकायची. लडाखला मात्र हेच दिवस सोन्याचे. आणि आपलं अजिंठा-वेरूळही पावसात जसं दिसतं तसं एरवी दिसत नाही. अजिंठ्याच्या दरीतला धबधबा वाहत असतो, डोंगर हिरवे असतात. महाराष्ट्राने ऑगस्ट विकायला हवा, पण आपण तो ऑफ सीझन म्हणून सोडून देतो.

बंद वारही तोंडपाठ हवेत. अजिंठा आणि घारापुरी सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, ताजमहाल शुक्रवारी. पाहुणे रविवारी संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरात उतरून दोन रात्री राहणार असतील तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, हाच क्रम. उलटा लावलात तर दोन्ही दिवस बंद दारं बघावी लागतील. अजिंठा शहरापासून साधारण १०० किलोमीटर आहे आणि खासगी गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला सोडून शटल बसने वर जावं लागतं. हा वेळ कार्यक्रमात न धरल्यामुळे दुपारचं जेवण चार वाजता होतं.

ऑगस्टखेरीज ईस्टरच्या आधीचा आठवडा, म्हणजे सेमाना सान्ता. याची तारीख दरवर्षी सरकते. ६ आणि ८ डिसेंबरला सुट्टी असते, मधली रजा टाकून लोक ‘पुएन्ते’ साधतात. नाताळ ६ जानेवारीपर्यंत चालतो. त्या दिवशी मुलांना भेटी मिळतात, त्यामुळे लहान मुलं असलेलं कुटुंब ५ तारखेच्या आत घरी पोहोचेल असंच विमान द्या. लग्नासाठी १५ दिवसांची कायदेशीर रजा असते, म्हणून मधुचंद्राच्या चौकशा हमखास तेरा-चौदा रात्रींच्या येतात: अर्धा भारत, अर्धं मालदीव किंवा नेपाळ. नेपाळ असेल तर ३० दिवसांच्या ई-व्हिसावर दोनदाच प्रवेश मिळतो हे लक्षात ठेवा. शिवाय ई-व्हिसावर ठरावीक ठिकाणांहूनच आत येता येतं. रस्त्याने परत आणायचा बेत करण्याआधी ती यादी पाहा.

आता कागदपत्रं. स्पेनमधल्या माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं साधारणपणे वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत. पाहुणी ‘मारिया देल कार्मेन मुन्योस गार्सिया’ असेल तर आपला माणूस यादीत शेवटचा शब्द आडनाव म्हणून टाकतो, हॉटेल ‘गार्सिया’ शोधतं आणि बाई काउंटरवर ‘मुन्योस’ म्हणत उभ्या. त्यातच पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत नावातला ‘न्य’ हा साध्या ‘न’ने लिहिलेला असतो. व्हिसा, विमान आणि हॉटेल तिन्हीकडे पासपोर्टच्या त्या ओळींप्रमाणेच नाव द्या आणि दोन्ही आडनावं घाला. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असणार, तेव्हा रूमिंग लिस्टमध्ये कोण कोणासोबत हे स्पष्ट लिहा. ‘डोब्ले’ म्हणजे त्यांच्याकडे दोघांची खोली, बहुतेक वेळा दोन पलंगांची. आपण ती ‘डबल’ समजून एकच मोठा पलंग देतो आणि दोन मैत्रिणी रात्री अकराला रिसेप्शनवर येतात.

दराच्या मेलमध्ये टिंब आणि स्वल्पविराम उलटे असतात. १.२५० युरो म्हणजे बाराशे पन्नास, ८५,५० म्हणजे साडेपंच्याऐंशी. अकाउंट्समधल्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगा.

या धंद्याची साखळी अशी: ग्राहक, त्याच्या गावातली एजन्सी, त्यावर घाऊक विक्रेता म्हणजे मायोरिस्ता, आणि शेवटी आपण. युरोपीय महासंघाचा २०१५चा पॅकेज टूरविषयक निर्देश स्पेनने २०१८मध्ये आपल्या कायद्यात घेतला. त्यानुसार जयपूरच्या हॉटेलचा एसी बिघडला तरी ग्राहकाला जबाबदार तिथला आयोजक. तो नंतर आपल्याकडे भरपाई मागतो. म्हणून तक्रार त्याच दिवशी लेखी नोंदवायची, काय उपाय केला तेही लिहायचं, जमल्यास फोटोसकट. जाहीर झालेला दर आयोजकाला ८ टक्क्यांहून जास्त वाढवावा लागला तर ग्राहक फुकटात रद्द करू शकतो, आणि निघण्याआधीच्या २० दिवसांत वाढ करताच येत नाही. म्हणजे तुम्ही मागाहून ‘हॉटेलने रेट वाढवला’ असं कळवलंत तर तो फरक बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून जातो. कोटेशनमध्ये दर कोणत्या तारखेपर्यंतचा ते लिहिल्याशिवाय मेल पाठवू नका.

उत्तरांच्या वेळाही वेगळ्या. स्पेन आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. एरवी त्यांच्या जेवणानंतरची उत्तरं आपल्याकडे रात्री आठनंतर येतात. पण उन्हाळ्यात बरीच ऑफिसं दुपारी तीनलाच बंद होतात, म्हणजे आपल्या साडेसहाला. ऐन गर्दीच्या ऑगस्टमध्ये संध्याकाळी सातला प्रश्न विचारला तर उत्तर उद्याच.

जेवणावर गाइडची निम्मी अब्रू अवलंबून असते. दुपारचं जेवण दोनच्या सुमारास, रात्रीचं साडेआठ-नऊला. साडेबाराला टेबलावर बसवलंत तर निम्मं ताटात राहतं. त्यांच्याकडची लाल पूड बहुधा तिखट नसतेच. आचाऱ्याला ‘कमी तिखट’ सांगून भागत नाही, कारण तो लाल तिखट कमी करतो आणि आलं-लसणाच्या वाटणातली हिरवी मिरची तशीच राहते. हिरवी मिरची, लाल तिखट, मिरी अशी एकेकाची नावं घेऊन नको म्हणा. मलई कबाब, जिरा राइस, साधा नान, दही, तव्यावरचा मासा हे बहुतेकांना चालतं. ब्रेड किंवा नान पहिल्यापासून टेबलावर हवा. कॉफी जेवणानंतर, लहान कपात, कडक. साखर आणि दूध वेगळं. गटात ‘सेलियाको’ कोणी असेल तर गहू अजिबात चालत नाही. इथे डाळही फसवते, कारण बाजारातल्या बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं. फोडणी हिंगाशिवाय द्यायला सांगा आणि ते लेखी सांगा.

गाइडिंग करताना वीस मिनिटांचं पाठ केलेलं भाषण विसरा. सगळे एकाच वेळी बोलतात, मध्येच प्रश्न टाकतात: जात, ठरवून केलेली लग्नं, तुझा पगार किती. यात अपमान नसतो; सरळ उत्तर द्या. कैलास लेणं वरून खाली कसं कोरत आणलं हे दहा मिनिटांत दाखवा आणि मग फोटोंसाठी मोकळं सोडा. दुकानं लादलेली त्यांना लगेच कळतात. टिपेची त्यांची सवय बेताची, त्यामुळे रोजची फी ठरवतानाच नीट बोलून घ्या.

दोन धागे आपल्याजवळचे आहेत, ते वापरा. जुन्या गोव्यातले सेंट फ्रान्सिस झेवियर १५४२मध्ये आले ते पोर्तुगालच्या जहाजातून, पण जन्म स्पेनमधल्या नवार्रा प्रांतातल्या हावियेरच्या किल्ल्यातला, १५०६चा. त्यांचं फेस्त ३ डिसेंबरला, आणि तीच नवार्राची प्रादेशिक सुट्टी. लगेच ६ आणि ८ची सुट्टी जोडता येते, म्हणजे नवार्राची राजधानी पाम्प्लोना इथल्या माणसाला त्या आठवड्यात गोवा सहज विकता येतो. दुसरा धागा मनमाड. मुंबईहून संभाजीनगरला रेल्वेने जाताना हे स्टेशन लागतं. बार्सिलोनात जन्मलेले मिशनरी विसेन्ते फेरेर आंध्रातल्या अनंतपूरला जाण्याआधी, १९६८मध्ये देश सोडायला लागेपर्यंत, मनमाडच्या शेतकऱ्यांत काम करत होते. स्पेनमध्ये त्यांचं नाव घरोघरी ठाऊक आहे आणि अनंतपूरच्या मुलांना मदत पाठवणारे बरेच पाहुणे तिकडे जायचं म्हणतात. ती भेट पाहुण्यांनी फेरेर यांच्या संस्थेमार्फत आधीच ठरवायची असते. आपण फक्त बेंगळुरूहून गाडी द्यायची.

पोट बिघडलं किंवा पाय मुरगळला तर हॉस्पिटलच्या दारात जाण्याआधी पाहुण्याच्या विमा कंपनीच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन करा आणि केस नंबर लिहून घ्या. तो नसेल तर बिल नंतर मंजूर करून घेताना अडचण येते. डिस्चार्जच्या वेळी मूळ पावत्या आणि इंग्रजीतला अहवाल पाहुण्याच्या हातात द्या, कंपनीच्या फाइलला झेरॉक्स लावा.