पोराला पहिली गाडी म्हणून जुनी पिकअप घेताय? आधी पाटे (मागच्या चाकांवरचे कमानीसारखे वाकलेले लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग) बघा

सोलापूर साईडच्या जुन्या पिकअप रंग मारून चकाचक दिसतात, पण आयुष्यभर ओव्हरलोड ओढलेली गाडी वरून कळत नाही.

१) सकाळी लवकर जा, येतोय असं आधी सांगू नका. बोनेटला हात लावा, गरम असेल तर मालकाने आधीच स्टार्ट करून ठेवलीय, थंड इंजिनची खरी परीक्षा होणार नाही, मग दुसऱ्या दिवशी परत जा.

२) रिकामी गाडी सपाट जागेवर लावून मागे खाली बसा आणि पाटे बघा, रिकाम्या गाडीतपण सरळ झालेले किंवा एक बाजू खाली बसलेली असेल तर तिने लय भार वाहिलाय, चेसिसला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) कुठं वेल्डिंग आहे का तेपण बोट फिरवून बघा, मी तर वेल्डिंग दिसलं की सरळ निघून येतो.

३) चालू इंजिनवर डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) थोडी वर ओढा, भकाभका धूर आला तर इंजिनचं काम निघणार.

एक मात्र नक्की लक्षात ठेवा, पिवळ्या नंबरप्लेटची म्हणजे धंद्याची गाडी चालवायला वय २० पूर्ण लागतं, १८ चालत नाही. पोरगं १८-१९ चं असेल तर पांढऱ्या प्लेटचीच बघा.