जुना पिकअप ट्रक पुन्हा उभा करताना : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

जुन्या पिकअप ट्रकच्या कामात नव्याने येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतात : मूळचे ठेवावे की काढावे, आणि काढले तर त्या जागी किती ताकदीचे बसवावे. प्रश्न रास्त असला तरी त्याची वेळ बरीच पुढची आहे. पिकअप ही राबवलेली गाडी असते. शेतावर, लाकडाच्या वखारीत, बांधकामावर तिने ओझी वाहिलेली असतात, कुवतीपेक्षा जास्त माल तिच्यात भरलेला असतो आणि काही मोडले की हाताशी असेल त्या पट्टीने किंवा तारेने वेळ मारून नेलेली असते. तिने काय काय सोसले आहे हे तिच्याकडे पाहून ओळखता येणे, हे माझ्या मते या कामातले पहिले कौशल्य आहे; पान्हा त्यानंतर हातात येतो.

पाहणी करताना वरच्या चकचकीत रंगाकडे दुर्लक्ष करून पाणी कुठे साचत असेल याचा विचार करावा. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दरवाजाखालच्या पट्ट्या, पायाखालचा पत्रा, केबिन जिथे चासीवर (ट्रकच्या पोलादी सांगाड्यावर) टेकते त्या बैठका, पुढच्या काचेच्या खालचा हवा घेण्याचा झरोका आणि छताच्या कडेची पन्हळ या जागा हमखास गंजतात, कारण तिथे माती अडकते आणि माती ओल धरून ठेवते. मऊ कापडात गुंडाळलेले साधे लोहचुंबक त्या जागांवरून फिरवले, तर जिथे ते धरत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. हौद्याची, म्हणजे मागच्या माल भरण्याच्या भागाची, जमीन लाकडी फळ्यांची असेल तर एक-दोन फळ्या काढून खालची चासी पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. पाट्यांच्या (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगांच्या) हँगरभोवती आणि स्टीअरिंग बॉक्सच्या बोल्टांपाशी बारीक तडे असतात. तिथली वंगणाची राप घासून काढली तरच ते दिसतात.

चासी सरळ आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. सपाट जमिनीवर ट्रक घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) समतल उभा करावा, चासीवरच्या नेमक्या छिद्रांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा कराव्यात आणि समोरासमोरच्या खुणांचे कर्ण मोजावेत. दोन कर्णांत काही मिलिमीटरांपेक्षा जास्त फरक आला तर कधीतरी अपघात झालेला आहे किंवा ओझ्याने चासी वळलेली आहे. या मोजणीला एक सकाळ पुरते, आणि ती टाळल्यास पुढे दरवाजे बसत नाहीत, टायर एका बाजूने झिजतात आणि दोष कुठे आहे हे काही केल्या सापडत नाही. याच टप्प्यावर चासीवरचा क्रमांक कागदपत्रांशी ताडून घ्यावा. तो जुळत नसेल तर ट्रक कितीही आवडला तरी सोडून द्यावा.

यानंतरचा निर्णय असा : ट्रक मूळ रूपात परत आणायचा, की त्याचे बाह्यरूप ठेवून आतून तो आजच्या रस्त्यांसाठी बदलायचा? दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत आणि दोन्ही मी मनापासून केले आहेत. परंतु अर्ध्यावर मार्ग बदलणे फार महाग पडते, कारण जुन्या पिकअपमध्ये कोणताच बदल एकटा येत नाही. याचे चांगले उदाहरण म्हणजे शेवरोलेची १९४७ मध्ये आलेली ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका. तिच्या १९५४ पर्यंतच्या अर्ध्या टनाच्या पिकअपमध्ये प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरणारा दांडा, उघडा नसून एका बंद नळीत असतो, आणि मागच्या ॲक्सलचा रेटा त्या नळीतून गिअरबॉक्सकडे जातो. महामार्गावर नीट पळावी म्हणून कोणी फक्त गिअरबॉक्स बदलायला गेला, तर ती नळी जाते. नळी गेली की मागचा ॲक्सल बदलावा लागतो. ॲक्सल बदलला की पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागतात, शाफ्टचे कोन नव्याने जुळवावे लागतात आणि हँडब्रेकची केबलही नवी लागते. ‘फक्त गिअरबॉक्स’ या दोन शब्दांमागे एवढे काम दडलेले असते.

विजेच्या बाबतीतही तसेच घडते. फोर्डच्या एफ मालिकेतले १९४८ ते १९५५ या काळातले ट्रक सहा व्होल्टचे असून त्यांत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते. १९५६ पासून बारा व्होल्ट आणि ऋण टोक चासीला अशी मांडणी आली. सहा व्होल्टचा ट्रक बारावर नेताना सगळे बल्ब, इग्निशन कॉइल आणि हीटरची मोटर यांचा विचार करावा लागतो आणि डॅशबोर्डवरील मूळ काटे जपायचे असतील तर त्यांच्यासाठी व्होल्ट उतरवण्याची वेगळी सोय करावी लागते. उलट, ट्रक मूळ रूपातच ठेवायचा असेल तर सहा व्होल्टला घाबरण्याचे कारण नाही. त्याविषयीच्या बहुतेक तक्रारी बारीक केबल आणि गंजलेले अर्थिंग यांमुळे येतात. योग्य जाडीची केबल आणि घासून स्वच्छ केलेले जोड दिले की तो ट्रक व्यवस्थित सुरू होतो.

शिकण्यासाठी पहिला ट्रक कोणता घ्यावा, असे कोणी विचारले तर मी शेवरोलेचा १९६७ ते १९७२ या काळातला किंवा फोर्डचा त्याच सुमाराचा पिकअप सुचवतो. त्यांचे पत्र्याचे बहुतेक भाग, रबरे आणि किरकोळ सामान आजही नव्याने तयार होते. स्टुडबेकरने ट्रक बनवणे १९६३ च्या अखेरीस थांबवले आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरने हलके पिकअप १९७५ मध्ये बंद केले. हे ट्रक देखणे असले तरी त्यांचा एखादा भाग हरवला तर तो हाताने घडवावा लागतो किंवा दुसरा ट्रक शोधावा लागतो. ही वाट थोडा हात बसल्यावर धरावी.

उघडण्याच्या कामात वेग दाखवू नये. प्रत्येक जोड सुटण्याआधी दोन बाजूंनी छायाचित्र घ्यावे, नट-बोल्ट ज्या भागाचे असतील त्या भागाच्या नावाने वेगळ्या पिशवीत ठेवावेत आणि मोडका, गंजून चाळण झालेला तुकडासुद्धा नवा भाग जागेवर बसेपर्यंत फेकू नये, कारण नव्या तुकड्याचे माप त्यावरूनच घ्यावे लागते. शेवरोलेच्या १९७२ पर्यंतच्या अनेक पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असते. केबिनला वेल्डिंगची ठिणगी लागण्यापूर्वी ती टाकी बाहेर काढून लांब ठेवावी. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते.

पत्र्याचे काम ही या व्यवसायाची खरी शाळा आहे, म्हणून त्यातला एक प्रसंग, केबिनचा मागचा कोपरा दुरुस्त करण्याचा, सविस्तर सांगतो. कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवे आधार वेल्ड करून घ्यावेत, नाहीतर खालचा भाग कापताच चौकट सैल पडते. मग रंग खरवडून टोकदार दाभणाने पत्रा टोचत वर जावे. जिथे दाभण अजिबात रुतत नाही त्याच्याही थोडे वर कापण्याची रेषा आखावी. त्या कोपऱ्यात पत्र्याचे दोन थर असतात आणि गंज बहुधा आतून बाहेर आलेला असतो, त्यामुळे आतला थर आधी नीट केल्याशिवाय बाहेरचा तुकडा लावण्यात अर्थ नाही. नवा तुकडा मूळच्याच जाडीचा, म्हणजे साधारण एक ते सव्वा मिलिमीटरचा घ्यावा, आणि तो जुन्या पत्र्यावर चढवून न लावता कडेला कड भिडवून बसवावा. एकावर एक चढलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत ओल शिरते आणि गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो. दोन कडांमध्ये वेल्डिंगच्या तारेच्या जाडीइतकी फट ठेवावी.

मिग वेल्डिंगसाठी (ज्यात तार आपोआप पुढे सरकत राहते) ०.६ मिलिमीटरची तार पुरते. एक ठिपका दिला की त्याच्या शेजारी दुसरा देऊ नये. लांबच्या टोकाला जावे, मग मध्यावर यावे, आणि पहिल्या ठिपक्याला उघडा हात लावता येईल इतका तो निवला की त्याच्या शेजारी पुढचा द्यावा. वेल्ड थंड होताना आकसतो आणि भोवतीचा पत्रा ओढून घेतो. सपाट पत्र्यावर सलग वेल्ड ओढला तर पत्रा लाटेसारखा उठतो आणि ती लाट झाकण्यासाठी पुट्टीचा थर चढवावा लागतो, जो पुढे केव्हातरी तडकतो. ठिपक्यांनी रेषा भरली की ती घासून सपाट करावी, आतून डॉली (हातात धरायचा पोलादी ठोकळा) धरून बाहेरून हातोडीचे हलके ठोके द्यावेत, म्हणजे आकसलेला वेल्ड पुन्हा ताणला जातो आणि पत्रा आपल्या आकारावर येतो. शेवटी आतल्या पोकळीत मेणाचा थर फवारावा आणि पाणी निचरण्याची मूळ भोके मोकळी ठेवावीत. कितीतरी सुबक दुरुस्त्या या भोकांवर रंग साचल्यामुळे वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

गंज काढण्यासाठी वाळूचा मारा सोयीचा असला तरी तो चासीवर आणि ॲक्सलवर करावा. दरवाजा, बॉनेट, छत अशा रुंद, पातळ पत्र्यांवर जोरात केला तर ते फुगतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. लहान भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज उतरवण्याची पद्धत उत्तम आहे. तिच्यात स्टेनलेस स्टीलचे इलेक्ट्रोड मात्र वापरू नयेत, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे तयार होतात. त्या काळच्या रंगांत शिसे आणि ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, म्हणून ड्रममधली धूळ कधीही हवेच्या झोताने उडवू नये. ती ओली करून पुसावी. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने धुतलेल्या भागावर वेल्डिंग केल्यास फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो. दोन घटकांच्या रंगातल्या आयसोसायनेट या विषारी रसायनापासून साधा मास्क वाचवत नाही; त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो आणि तो नसेल तर रंग दुसऱ्याकडून करून घ्यावा. याबाबतीत मी कोणाही शिकाऊ मुलाला सवलत देत नाही.

ब्रेकचे काम इंजिनाच्या आधी पूर्ण करावे, असा माझा आग्रह आहे. या ट्रकांपैकी बहुतेकांच्या, सुमारे १९६६ पर्यंतच्या मास्टर सिलिंडरमध्ये एकच मार्ग असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवणे हा असा बदल आहे की मूळ रूपाचा कितीही आग्रह असला तरी मी तो सुचवतो. पन्नासच्या दशकातल्या अनेक पिकअपमध्ये मास्टर सिलिंडर पायाखाली, चाकांतल्या ब्रेकच्या पातळीपेक्षा खाली असतो. अशा ट्रकला पुढे डिस्क ब्रेक लावले तर तेल परत सिलिंडरकडे उतरते आणि पुढच्या वेळी पॅडल अर्धे खाली गेल्यावर ब्रेक लागतो. त्यासाठी नळीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह घालावा लागतो, डिस्कच्या मार्गावर दोन पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचे एकक) आणि ड्रमच्या मार्गावर दहाचा. शिवाय पिकअपचा मागचा भाग रिकामा असताना अगदी हलका असतो. पुढे-मागे सारख्याच जोराने ब्रेक लागला तर मागची चाके आधी जाम होतात आणि ट्रक आडवा फिरतो. मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह बसवून तो रिकाम्या हौद्यानिशी, मोकळ्या जागेत जुळवून घ्यावा.

पुढचे सस्पेन्शन बदलताना फोर्डच्या १९७४ ते १९७८ या काळातल्या ‘मस्टँग टू’ मोटारीच्या रचनेवर आधारलेले संच सर्रास वापरले जातात. ते चांगले आहेत, पण मूळ रचना एका लहान मोटारीची होती हे लक्षात ठेवून ट्रकच्या वजनाला पुरेल असा संच निवडावा, आणि त्याचा आडवा तुळईसारखा भाग चासीला स्वतः वेल्ड करण्याइतका हात तयार झालेला नसेल तर अनुभवी वेल्डरला बोलवावे. मूळचा सलग ॲक्सल आणि किंगपिनही (ज्या खिळीभोवती पुढचे चाक वळते ती) नीट बुश घालून, योग्य कोनात बसवले तर समाधानकारक चालतात. त्यांना बदनाम करणाऱ्या बहुतेकांनी झिजलेल्या किंगपिनचेच ट्रक चालवून पाहिलेले असतात.

इंजिनाविषयी थोडक्यात. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन थेट स्टार्टर मारून फिरवू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग पान्ह्याने हाताने फिरवून पाहावे. शेवरोलेच्या २१६ घनइंची सहा सिलिंडरच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बॅबिट या मऊ मिश्रधातूचे ओतलेले असते आणि त्यांना तेल दाबाने न मिळता उडवून मिळते, म्हणून ते शांतपणे चालवायचे इंजिन आहे. जुन्या सपाट टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उचलणारा भाग सपाट बुडाचा असलेल्या) इंजिनांना जस्तयुक्त तेल द्यावे.

हे काम व्यवसाय म्हणून करायचे असेल तर सुरुवात एखाद्या चालत्या गॅरेजमध्ये उमेदवारीने करावी, आणि तिथे रंगापेक्षा वेल्डिंग आणि ब्रेक यांवर वेळ घालवावा. रंगाचे कौतुक लवकर होते, म्हणून नवशिक्यांची गर्दी तिकडे असते. सांगाड्याचे काम सचोटीने करणारे हात मात्र कायम कमी पडतात. ग्राहकाला पूर्ण ट्रकचा एकच आकडा कधीही सांगू नये, कारण रंग उतरेपर्यंत खाली काय आहे हे कोणालाच माहीत नसते. उघडणे आणि पाहणी, सांगाडा, पत्रा, यांत्रिक भाग, रंग आणि जोडणी असे टप्पे पाडून प्रत्येकाचा लेखी अंदाज वेगळा द्यावा आणि टप्पा संपला की छायाचित्रांसह हिशेब करावा. मूळ रूप की बदल, हेही त्याच्याकडून लिहून घ्यावे. ग्राहक मध्येच मत बदलतो तेव्हा हा कागद दोघांचेही संबंध टिकवतो.

ट्रक रंगायच्या आधी एकदा पूर्ण कोरडा जोडून पाहावा : दरवाजे, बॉनेट, फाळका (हौद्याचे मागचे झाकण), बंपर, काचेची रबरेसुद्धा. फटी इथेच जुळवाव्यात. रंगानंतर जोडणी झाली की पहिल्या फेऱ्या जवळच्या, कमी वेगाच्या ठेवाव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर चारही ड्रम किंवा डिस्क किती तापल्या आहेत ते पाहावे. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर तिथला ब्रेक धरतो आहे. पाट्यांचे यू-बोल्ट, चाकांचे नट आणि स्टीअरिंगचे सांधे शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत, ब्रेकच्या प्रत्येक जोडावर कागद फिरवून ओल लागते का ते पाहावे, आणि हे सगळे तारखेनिशी वहीत नोंदवून ती वही ट्रकबरोबर मालकाच्या हाती द्यावी.