कार्य, शक्ती आणि ऊर्जा शिकवण्यापूर्वीची तयारी

हा पाठ हाती घेण्यापूर्वी शिक्षकाने आधी स्वतःच्या बोलण्याला एक शिस्त लावून घ्यावी. ‘कार्य झाले’ असे मोघम न म्हणता कोणत्या बलाने कोणत्या वस्तूवर कार्य केले, हे प्रत्येक वेळी सांगावे. या पाठातील बहुतेक गोंधळ हे दोन तपशील गाळल्यामुळेच होतात, असे माझे ठाम मत आहे. सपाट जमिनीवरून समान वेगाने खोके ओढले जात असेल, तर ओढणाऱ्याच्या बलाचे कार्य धन असते, घर्षणाचे तेवढेच ऋण असते आणि गुरुत्वबलाचे शून्य असते. हे तिन्ही निष्कर्ष फळ्यावर कसे मांडायचे ते आधी वहीत लिहून पाहावे. त्रिकोणमिती न शिकलेल्या वर्गासाठी बल आणि विस्थापन यांच्यातील कोन ०, ९० आणि १८० अंश असलेली उदाहरणेच निवडावीत. तेवढ्याने धन, ऋण आणि शून्य कार्य नीट उलगडते.

जड पिशवी हातात धरून नुसते उभे राहिल्यास पिशवीवर कार्य होत नाही, असे सांगताच ‘मग हात का दुखतो?’ हा प्रश्न येणारच, आणि तो यायलाच हवा. त्याचे उत्तर तयार असावे. पिशवी स्थिर दिसत असली तरी स्नायूंतील तंतूंना ताण टिकवण्यासाठी सतत ऊर्जा खर्च करावी लागते आणि ती उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. पिशवीचे विस्थापन मात्र शून्य असते. म्हणजे शरीराची ऊर्जा खर्च झाली हे खरे आणि पिशवीवर कार्य झाले नाही हेही खरे. ‘व्याख्येप्रमाणे शून्य’ एवढेच सांगून पुढे गेल्यास विद्यार्थ्याचा स्वतःच्या अनुभवावरचा किंवा विज्ञानावरचा, कोणता तरी एक विश्वास डळमळतो.

साहित्यात ताणकाटा, लाकडी ठोकळा, मीटरपट्टी, गोटी, उतार करण्यासाठी खाचेची पट्टी आणि रिकामी काडेपेटी पुरते. ताणकाटा उभा टांगून वापरण्यासाठी बनवलेला असतो; तो आडवा धरला की आकड्याचे आणि स्प्रिंगचे स्वतःचे वजन त्यावर येत नाही आणि काटा शून्यावरून किंचित सरकतो. म्हणून तो आडवा धरूनच शून्यावर आणावा. ताणकाट्यावरची मोजपट्टी ग्रॅममध्ये असेल तर १०० ग्रॅम म्हणजे सुमारे १ न्यूटन हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे. ठोकळा समान वेगाने ओढताना काटा २ न्यूटन दाखवत असेल आणि ठोकळा १ मीटर सरकला असेल, तर हाताच्या बलाने २ ज्यूल कार्य केले, हे विद्यार्थ्यांनी स्वतः वाचून सांगावे.

गतिज ऊर्जेचा प्रयोग आदल्या दिवशी करून पाहिल्याशिवाय वर्गात नेऊ नये. उतारावरून ५ सेंटिमीटर आणि नंतर २० सेंटिमीटर उंचीवरून गोटी सोडली, तर पायथ्याची काडेपेटी दुसऱ्या वेळी सुमारे चौपट अंतर सरकते. पण एवढ्यावरून विद्यार्थ्याला फक्त ‘उंची चौपट, अंतर चौपट’ असे दिसते. गतिज ऊर्जा ज्याच्या प्रमाणात वाढते तो वेगाचा वर्ग त्यात कुठेच दिसत नाही. त्यासाठी काडेपेटी बाजूला ठेवून सपाट भागावर गोटीला ठरावीक अंतर कापण्यास लागणारा वेळ मोबाइलच्या चित्रफितीवरून मोजावा. दुसऱ्या वेळी तो जवळपास निम्मा भरतो, म्हणजे वेग दुप्पट झाला आहे आणि ऊर्जा चौपट. सूत्र फळ्यावर या मोजमापानंतर यावे, आधी नव्हे.

शक्तीसाठी जिना उत्तम. मोजायची ती उभी उंची, उताराची लांबी नव्हे. १५ सेंटिमीटरच्या २० पायऱ्या म्हणजे ३ मीटर. ४५ किलोग्रॅम वस्तुमानाच्या व्यक्तीला एवढे वर जाण्यासाठी गुरुत्वाविरुद्ध १३२३ ज्यूल कार्य करावे लागते. ९ सेकंदांत चढल्यास सरासरी शक्ती १४७ वॅट आणि ४.५ सेकंदांत चढल्यास २९४ वॅट. कार्य तेच, शक्ती दुप्पट. स्वतःहून पुढे आलेल्या आणि धावण्यास तब्येतीची अडचण नसलेल्या विद्यार्थ्यालाच धावायला सांगावे आणि कोणाचेही वजन वर्गासमोर पुकारू नये. गणितासाठी काल्पनिक आकडा पुरेसा आहे. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, एवढा उल्लेख इथे पुरे.

विजेच्या बिलातील युनिटकडे, म्हणजे किलोवॅट-तासाकडे, वळताना त्याला ‘किलोवॅट प्रति तास’ म्हणण्याची चूक हमखास होते. तिथे भागाकार नसून गुणाकार आहे. १ किलोवॅट गुणिले ३६०० सेकंद म्हणजे ३६ लाख ज्यूल. १० वॅटचा दिवा १०० तास आणि १००० वॅटचा हीटर १ तास, दोघांचा खर्च एक युनिट, हे उदाहरण शक्ती आणि ऊर्जा यांतील फरक एका दमात दाखवते.

ऊर्जेच्या अक्षय्यतेसाठी लंबक टांगून ठेवावा आणि तो थांबेपर्यंत चालू द्यावा, कारण खरा प्रश्न तो थांबल्यावरच उभा राहतो : ऊर्जा गेली कुठे? हवेच्या रोधाचे आणि आधारापाशी होणाऱ्या घर्षणाचे उत्तर देताना जेम्स प्रेस्कॉट ज्यूल (१८१८–१८८९) यांचा प्रयोग सांगावा. खाली येणाऱ्या वजनांनी त्यांनी पाण्यातील वल्ही फिरवली आणि पाण्याचे तापमान किती वाढते ते मोजले. १ किलोग्रॅमचे वजन १ मीटर खाली आल्यास ९.८ ज्यूल ऊर्जा मिळते, तर १ ग्रॅम पाणी १ अंश सेल्सिअसने तापवण्यास सुमारे ४.१८ ज्यूल लागतात. म्हणजे त्या उष्णतेने १ किलोग्रॅम पाणी अंशाच्या हजाराव्या भागांतच, सुमारे ०.००२३ अंशाने तापेल. हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. लंबकाभोवतीची हवा तापलेली का जाणवत नाही, हे मग त्यांचे त्यांनाच सांगता येते.

तास संपण्यापूर्वी वाटण्यासाठी कोऱ्या चिठ्ठ्या तयार ठेवाव्यात आणि त्यावर एकच प्रश्न विचारावा : वर फेकलेला चेंडू वर जात असताना गुरुत्वबलाने त्यावर केलेले कार्य धन की ऋण, आणि का? ‘का’च्या उत्तरात बल आणि विस्थापन यांच्या दिशा किती जणांनी लिहिल्या, त्यावरून पुढच्या तासाची सुरुवात कुठून करायची ते ठरवावे.