सेटर घडवायची कशी: फोफाँवच्या कारकिर्दीवरून आखलेला सराव

सातारा-सांगलीकडच्या शाळांत मुलींचा व्हॉलीबॉल संघ उभा करताना उंच मुलीला स्मॅशर करतात, चपळ मुलीला मागे बचावाला ठेवतात आणि उरलेल्यांपैकी कोणाला तरी सेटर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी खेळाडू, म्हणून उभे करतात. क्रीडाशिक्षकांनी हा क्रम उलटा करावा, म्हणजे सेटर सर्वांत आधी निवडावी, असे माझे ठाम मत आहे. ते पटण्यासाठी ब्राझीलच्या सेटर एलिया डी सोझा, ज्यांना सारे जग फोफाँव या नावाने ओळखते, त्यांची कारकीर्द पाहावी. १९७० साली साओ पावलो येथे जन्मलेल्या फोफाँव १९९२ ते २००८ या काळात सलग पाच ऑलिंपिक संघांत होत्या. १९९६ आणि २००० मध्ये त्यांना कांस्यपदक मिळाले आणि २००८ मध्ये बीजिंगला ब्राझीलच्या महिला संघाने पहिले सुवर्ण जिंकले, तेव्हा ३८ वर्षांच्या फोफाँव संघाच्या कर्णधार होत्या व स्पर्धेतील सर्वोत्तम सेटरही ठरल्या.

निवड करताना उंचीकडे पाहू नये. फोफाँव यांची उंची सुमारे १.७३ मीटर, म्हणजे त्या दर्जाच्या संघात कमीच. बारा-तेरा वर्षांच्या मुलींना गोलात उभे करून बॉल वेडावाकडा फेकावा आणि बॉल खाली येण्याआधी त्याच्याखाली जाऊन कोण थांबते, एवढेच पाहावे. हात शिकवता येतात; बॉल कुठे पडणार याचा अंदाज मात्र शिकवायला फार वेळ लागतो.

त्यानंतर बोटांचे काम सुरू करावे. आपल्या भागात शूटिंगबॉल रुजलेला असल्यामुळे मुठी जुळवून बॉल मारण्याची सवय अनेक मुलींना घरच्या मोठ्यांकडूनच लागलेली असते. ती सेटरच्या हातातून निघून जाईपर्यंत घाई करू नये. दोन्ही अंगठे आणि तर्जन्या यांचा त्रिकोण कपाळाच्या किंचित वर धरावा, बॉल तळहाताला न लागता बोटांच्या पेरांवर यावा आणि कोपरे व गुडघे एकाच वेळी सरळ होत तो सुटावा. बॉल स्वतःभोवती फार फिरत गेला, तर दोन्ही हात एकाच क्षणी लागलेले नाहीत असे समजावे. पंच यालाच डबल, म्हणजे बॉलला दोनदा हात लागल्याचा दोष, देतात. पावसाळ्यात मैदान चिखलाने भरते, तेव्हा व्हरांड्याच्या भिंतीवर खडूने वर्तुळ काढून हाच सराव चालू ठेवावा. मैदान सुकल्यावर सायकलचा जुना टायर नेटच्या डाव्या खांबाजवळ, नेटपेक्षा दीड-दोन फूट वर आडवा बांधावा आणि सेट, म्हणजे स्मॅशसाठी उचललेला बॉल, वरून त्यात पडेल असा द्यायला लावावा. महिलांच्या नेटची उंची २.२४ मीटर असते. लहान मुलींसाठी ती कमी करण्यास हरकत नाही.

हात बसले की २००८ चा ब्राझील-अमेरिका अंतिम सामना मुलींना मोबाइलवर का होईना, पण दाखवावा. ब्राझीलने तो ३-१ असा जिंकला आणि त्या संपूर्ण स्पर्धेत गमावलेला एकमेव सेट याच सामन्यात गमावला. पाहताना स्मॅशकडे लक्ष न देता पास सेटरकडे येताना चित्र थांबवावे आणि ‘आता बॉल कोणाला जाईल?’ असे विचारावे. उत्तरे चुकू लागली, की बॉल समोर द्यायचा असो वा डोक्यामागे, सेटरने उभे एकाच पद्धतीने का राहायचे असते, हे मुलींना न सांगताही उमगते.

सर्वांत अवघड काम राखीव बाकावरचे आहे. फोफाँव यांनी अनेक वर्षे फर्नांदा वेंतुरिनी या मुख्य सेटरच्या मागे काढली. २००४ च्या अथेन्समध्येही वेंतुरिनीच मुख्य सेटर होत्या; तिथल्या उपांत्य सामन्यात चौथ्या सेटमध्ये २४-१९ अशी आघाडी असूनही ब्राझील रशियाकडून हरले. चार वर्षांनी बीजिंगला संघ फोफाँव यांच्या हाती होता, तेव्हा त्या तयार होत्या. म्हणून आपल्या दुसऱ्या सेटरला पाण्याच्या बाटल्या सांभाळायला बसवू नये. तिच्या हातात वही द्यावी, समोरच्या संघाचा ब्लॉक, म्हणजे नेटवर हात उंचावून स्मॅश अडवणाऱ्या खेळाडूंची फळी, कोणत्या बाजूला उशिरा पोहोचतो ते लिहायला लावावे आणि टाइमआउटमध्ये ते तिच्याच तोंडून संघाला ऐकवावे.

सेटर पिकायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि आपल्याकडे दहावीचे वर्ष आले की मुलीचा खेळ बंद होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. पालकांना भेटून पूर्ण सराव मागू नये. शाळेपूर्वीचा अर्धा तास, आठवड्यातून तीन दिवस, फक्त भिंतीवरचा सराव, एवढेच मागावे. इतके मान्य करणारे पालक पुष्कळ मिळतात. अकरावीला ती कोणत्या कॉलेजात जाणार हे निकालाआधीच विचारून घ्यावे आणि तिथल्या क्रीडाशिक्षकांना तिची वही दाखवून ठेवावी.