वीस माणसांची जाहीर सभा

समजा, 1956 च्या सुमाराची संयुक्त महाराष्ट्राची जाहीर सभा लघुपटात दाखवायची आहे. मैदानात हजारभर माणसे हवीत आणि हाताशी वीस ज्युनिअर आर्टिस्ट व हिरवे क्रोमा कापड (चित्रातील ज्याचा रंग संगणकावर कापून तेथे दुसरे दृश्य बसवता येते असे पडद्याचे कापड) एवढेच आहे. आजच्या सभेतील गर्दी येथे उपयोगी पडत नाही, कारण तिच्यात धोतर-टोपी विरळा आणि मोबाइल मात्र जिकडेतिकडे.

आधी रिकाम्या मैदानाचे दृश्य घ्यावे. ट्रायपॉड हलवू नये आणि कॅमेऱ्याची उंची, झुकाव, लेन्स, घड्याळातील वेळ व सूर्याची दिशा वहीत टिपून ठेवावी. त्यानंतर तेच वीस जण मैदानाच्या एकेका तुकड्यात बसवून, टोप्या आणि जागा बदलून, पुन्हापुन्हा चित्रित करावेत. हे तुकडे संगणकावर मास्क लावून, म्हणजे चित्राचा हवा तेवढाच भाग राखून बाकीचा झाकून, जोडता येतात आणि त्यासाठी क्रोमा लागतही नाही. क्रोमाची खरी गरज पडते ती एकाचे डोके दुसऱ्याच्या खांद्यावर येते तेथे, किंवा मैदान दिवसभर मिळत नाही तेव्हा.

क्रोमा चित्रीकरणात बहुतेक नवशिके फसतात ते कॅमेऱ्याच्या कोनात. मंचाच्या उंचीवरून पाहताना पहिली रांग बरीच तिरकस, वरून दिसते, तर शंभर फुटांवरची जवळपास समोरून. म्हणून पुढच्या रांगांसाठी कॅमेरा उंच ठेवावा आणि मागच्या रांगांसाठी तो बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीजवळ आणावा. हा फरक सांभाळला नाही, तर कितीही सफाईने कापलेली माणसे जमिनीवर बसलेली वाटत नाहीत. मैदानावरचे ऊन डावीकडून येत असेल, तर कापडापुढेही ते डावीकडूनच यायला हवे, त्यामुळे शक्यतो त्याच वेळी उघड्यावर काम करावे. माणसे कापडापासून आठ-दहा फूट पुढे बसवावीत, म्हणजे कापडाची हिरवी झाक अंगावर पडत नाही. कापडाला सुरकुती नसावी आणि त्यावरचा उजेड सगळीकडे सारखा असावा.

वेशभूषेकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. हिरवा रंग कापला गेला की हिरवे लुगडे आणि हातातील हिरव्या बांगड्याही त्याबरोबर नाहीशा होतात, आणि त्या काळातील बायकांच्या हातात त्या नसणे शोभणार नाही. अशा गटासाठी निळे कापड वापरावे. संख्या वाढवण्यासाठी चित्र आरशासारखे उलटवण्याचा मोह होतो, पण मग डाव्या खांद्यावरचा पदर उजवीकडे जातो, फलकावरची अक्षरे उलटी होतात आणि उन्हाची दिशाही बदलते.

प्रत्येक गटाचे दीड-दोन मिनिटांचे चित्रीकरण करावे आणि एकच तुकडा दोन ठिकाणी वापरताना तो वेगवेगळ्या क्षणापासून सुरू करावा, नाहीतर दोन म्हातारे एकाच वेळी कपाळ पुसताना दिसतात. टाळ्यांचा आणि घोषणांचा ध्वनी मंचावरून वाजवून घेतला, की प्रतिक्रियेला दिशा मिळते. मात्र सर्वांनी अगदी एकदम हात वर करू नयेत.

हिरवा-निळा रंग कापण्याचे काम दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतील फ्यूजन या चित्रे जोडण्याच्या विभागात होते. मागचे थर किंचित धूसर आणि फिके करावेत, सगळ्यात दूरच्या रांगांना स्थिर छायाचित्रेही चालतात. प्रत्येक गटाखाली पातळ सावली घालावी. पहिल्या दोन रांगा मात्र खऱ्या मैदानात, खऱ्या धुळीत बसवलेल्याच असाव्यात, कारण प्रेक्षकाची नजर आधी तेथेच जाते.