अमेरिकेत पहिल्यांदा आरव्ही लावताना

आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर पाण्याची नळी जोडायची घाई नको. आधी चाकांखाली ठोकळे सरकवून गाडी डावी-उजवी समपातळीत आणा, चाकांना अडण्या लावा. ट्रेलर असेल तर त्यानंतरच ओढणाऱ्या गाडीपासून सोडवा. तिरप्या गाडीत गॅसवर चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज नीट थंड होत नाही आणि कालांतराने बिघडतो.

वीज : खांबावरचा ब्रेकर बंद करून सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून गाडी वाचवणारं उपकरण) लावा, ब्रेकर चालू करून त्याने जोडणी बरोबर दाखवली की ब्रेकर पुन्हा बंद करून मगच गाडीची केबल जोडा. ३० अँपियरवर एकूण ३६०० वॉट मिळतात. एसी आणि मायक्रोवेव्ह एकत्र चालवताना ब्रेकर पडला तर नवल नाही.

पाणी : नळालाच पाण्याचा दाब कमी करणारा प्रेशर रेग्युलेटर बसवा, ४० ते ५० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक). तो नसेल तर जास्त दाबाने आतले सांधे गळू शकतात. नळी पिण्याच्या पाण्यासाठीचीच हवी, बागेची नव्हे.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या संडासाच्या टाकीत. तिचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवला की पाणी निघून जातं, मैला तळाशी साचून घट्ट होतो. दोन-तृतीयांश भरू द्या, मग उघडा. त्यानंतर सांडपाण्याची (सिंक-अंघोळीच्या पाण्याची) टाकी सोडा, म्हणजे मैला वाहून नेणारी नळी आपसूक धुतली जाते. रबरी हातमोजे मात्र हवेतच!