रॅम खराब आहे असं ठरवण्याआधीची तयारी

बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग, बंद करा. एएमडीच्या नव्या बोर्डांवर त्याला एक्स्पो म्हणतात, काही बोर्डांवर डीओसीपी असं लिहिलेलं असतं. नाव काहीही असो, समोर ‘डिसेबल्ड’ दिसलं पाहिजे. मागच्या वेळी मी हे केलं नव्हतं. रॅम तपासणाऱ्या टेस्टमध्ये लाल ओळी, म्हणजे एरर, आल्या, दोन्ही स्टिक वॉरंटीत पाठवल्या, बदलून आलेल्या स्टिकवरही तशाच लाल ओळी. आधीच्या स्टिकना काही झालेलंच नव्हतं. त्यामुळे एक्सएमपी या यादीत पुन्हा पुन्हा येणार आहे, आणि कंटाळा आला तरी प्रत्येक वेळी ते तपासायचं आहे.

कारण एकदा नीट समजून घ्या. स्टिकच्या खोक्यावर ३६०० छापलेलं असतं, पण स्टिक लावली की तो वेग आपोआप मिळत नाही. डीडीआर४ प्रकारची रॅम मुळात १.२ व्होल्टवर आणि जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ठरवून दिलेल्या वेगाने चालते; २१३३, २४००, २६६६, फार तर ३२००. त्याच्या वर जायचं तर एक्सएमपीचं प्रोफाइल चालू करावं लागतं, आणि त्यात व्होल्टेज बहुधा १.३५ होतं. डीडीआर५चंही तेच, फक्त तिथे मूळ व्होल्टेज १.१ आहे. हे प्रोफाइल म्हणजे सरळसरळ ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्या वेगाच्या वर चालवणं), कंपनीने आधीच आकडे भरून दिलेलं. ते चालू असताना एरर आला, तर स्टिक खराब आहे, की प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरला तो वेग झेपत नाही, की बोर्डालाच जमत नाही, हे टेस्टला कळायचा काही मार्ग नाही. तिला इतकंच कळतं की लिहिलं एक आणि वाचलं भलतंच.

बायोसमध्ये आहातच तर काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. (म्हणजे एक्सएमपी बंद करण्याच्याही आधी. पण मला ते पहिल्या ओळीत हवं होतं.) पुढे सीमॉस क्लिअर (बायोस मूळ स्थितीत) करायची वेळ आली की सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. त्यात डिस्कचा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही, आणि मग त्याचंही खापर रॅमवर फुटतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. ती त्याच कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर एका फाइलमध्ये ठेवली असेल तर ठेवलेलीच नाही असं समजा. टेस्टसाठी सिक्युअर बूट (फक्त सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारं बायोसमधलं सेटिंग) बंद करावं लागू शकतं, आणि ते बदललं की बिटलॉकर की मागू शकतं.

आता डिस्क. रॅमवर संशय आला त्या क्षणापासून त्या मशीनवर काहीही लिहायचं नाही. विंडोज अपडेट नाही, डीफ्रॅग नाही, चेकडिस्कची दुरुस्ती तर नाहीच. डिस्कवर जाणारा प्रत्येक बाइट आधी रॅममधून जातो. तिथे एक बिट उलटला तर तो उलटलेलाच लिहिला जातो आणि कुणी तक्रार करत नाही, कारण साध्या डेस्कटॉपच्या रॅममध्ये ईसीसी, म्हणजे अशी चूक पकडून सुधारण्याची सोय, नसते. डीडीआर५मध्ये चिपच्या आत दुरुस्तीची सोय असते, पण ती चिपच्या आतच. तिथून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत बिघडलेलं तिला दिसत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे घाबरून बॅकअप घेणं. बिघडलेल्या मशीनवरून घेतलेला बॅकअप जुन्या, चांगल्या बॅकअपवर चढवलात तर दोन्ही गेले. डेटा हवाच असेल तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि तिथे कॉपी करा. बायोसचं अपडेटही आत्ता नको. ते अर्धवट किंवा चुकीचं लिहिलं गेलं तर रॅम बाजूलाच राहील आणि बोर्डाची चिंता सुरू होईल.

टेस्टचा पेनड्राइव्हसुद्धा दुसऱ्या कॉम्प्युटरवरच बनवा, कारण तेच. मेमटेस्ट ८६ प्लस मोफत आणि मुक्त आहे, सहाव्या आवृत्तीपासून यूईएफआयवरही (बायोसच्या नव्या प्रकारावरही) चालतं. नुसतं मेमटेस्ट ८६ हे वेगळं, पासमार्क कंपनीचं. त्याची मोफत आवृत्ती चार फेऱ्यांनंतर थांबते. दोन्हींपैकी कोणतंही चालेल. विंडोजची स्वतःची मेमरी डायग्नोस्टिक आहे, तिने खराब म्हटलं तर खराब; सगळं ठीक म्हटलं तर ते कानाआड करा.

मुळात रॅमच का, याचाही एक मिनिट विचार करा. निळी स्क्रीन दर वेळी वेगळा कोड घेऊन येते, आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘आयआरक्यूएल’, परवा तिसरंच. झिप फाइल एकदा खराब म्हणते आणि रीस्टार्टनंतर तीच बिनबोभाट उघडते. नवीन विंडोज टाकताना दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर अडकतं. हे सगळं रॅमसारखं आहे. दर वेळी तोच कोड आणि तीच ड्रायव्हरची फाइल येत असेल तर आधी ड्रायव्हर बघा.

पहिली टेस्ट कॅबिनेट न उघडता, स्टिकला हात न लावता. लोक आधी स्टिक काढून पुसून परत बसवतात, आणि सैल बसलेली स्टिक त्यातच नीट बसते. एरर जातो, पण कशामुळे गेला ते कळत नाही. आहे त्या स्थितीत, फक्त एक्सएमपी बंद करून, चालवा. आणि ते खरंच बंद झालं आहे का हे टेस्टच्या स्क्रीनवर वरच्या भागात बघा: तिथे रॅमचा वेग दिसतो. ३६०० दिसत असेल तर प्रोफाइल चालू आहे, बदल सेव्ह न करता बाहेर पडला आहात. परत जा.

वेळ मोकळा ठेवा. एक फेरी पुरत नाही. काही एरर स्टिक तापल्यावरच येतात. संध्याकाळी लावून सकाळी बघावं हे बरं. आणि एक एरर म्हणजे नापास. ‘इतक्या अब्जांत एकच तर आहे’ वगैरे नाही, रॅममध्ये शून्यच चालतं.

एरर आले की स्क्रीनचा फोटो काढा आणि ओळी वाचा. एका बाजूला अपेक्षित आकडा, शेजारी प्रत्यक्ष वाचलेला. अपेक्षित सगळे एफ, आणि वाचलेल्यात मधेच एका एफच्या जागी बी, असं दिसतं. एफ म्हणजे चार एक, बी म्हणजे एक-शून्य-एक-एक. म्हणजे नेमका एक बिट पडला. तोच बिट, त्याच पत्त्यावर, प्रत्येक फेरीत पडत असेल तर बहुधा चिपच गेली. पत्ते दर वेळी इकडेतिकडे असतील तर सेटिंग, व्होल्टेज, कंट्रोलर यांच्याकडे बघा, आणि हो, एक्सएमपीकडे पुन्हा एकदा. पण पत्त्यावरून ‘ही डावीकडची स्टिक’ असं ठरवू नका. दोन स्टिक असल्या की पत्ते दोन्हींत आलटूनपालटून वाटलेले असतात.

म्हणून एकेक स्टिक. आता कॅबिनेट उघडा. वीज बंद करून वायर काढायची, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज घालवायची, बोर्डावरचा दिवा विझला ना ते बघायचं, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावायचा. हे माहीत असेलच. काढण्याआधी प्रत्येक स्टिकवर चिकटपट्टीचा तुकडा लावून अ, ब लिहा, कारण काढल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. सीरियल नंबरच्या लेबलचाही फोटो घ्या आणि ते लेबल सोलू नका, वॉरंटी त्यावर असते. सोनेरी पट्ट्या पुसायच्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. खोडरबराने सोनेरी थर झिजतो आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो.

चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर एकटी स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये जाते, तिथे ए२ लिहिलेलं असतं. काही बोर्डांना फक्त एकाच बाजूला खटका असतो, त्यामुळे दुसरं टोक वर राहिलेलं कळत नाही; दोन्ही टोकं दाबा. चालू केल्यावर स्क्रीन काळी राहिली तर लगेच बंद करू नका. डीडीआर५मध्ये स्टिक बदलल्यावर बोर्ड मेमरी ट्रेनिंग करतं, म्हणजे त्या स्टिकशी जुळवून घेतं, त्याला काही मिनिटं लागू शकतात.

स्टिक बदलली की बायोसमध्ये परत जा आणि एक्सएमपी बंदच आहे का ते बघा. बायोसमध्ये आधी सेव्ह केलेलं स्वतःचं प्रोफाइल घाईत लोड केलंत तर एक्सएमपी त्याच्यासोबत परत चालू होतं. प्रत्येक स्टिकला. दर वेळी. मग टेस्टच्या स्क्रीनवर वेग वाचा, मगच झोपायला जा. कागदावर चार गोष्टी: कोणती स्टिक, कोणता स्लॉट, वेग किती, एरर आला की नाही. वेगाचा रकाना रिकामा असेल तर ती टेस्ट धरू नका.

प्रत्येक स्टिक आणखी एका स्लॉटमध्येही तपासा. पुढचं थोडक्यात. अ दोन्ही स्लॉटमध्ये नापास आणि ब दोन्हींत पास, तर अ गेली. दोन्ही एकाच स्लॉटमध्ये नापास, तर स्लॉट, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन, किंवा वाजवीपेक्षा घट्ट आवळलेला कूलर. सगळीकडे नापास, तर त्याच प्रकारची दुसऱ्या कुणाची तरी चांगली स्टिक आणून बघा, नाहीतर कंट्रोलर किंवा पॉवर सप्लाय. सगळ्या पास आणि फक्त प्रोफाइल चालू केल्यावर नापास, तर वॉरंटीचा अर्ज भरण्याआधी बायोस अपडेट करा (आता चालेल) आणि वेग एक पायरी उतरवून बघा; चार स्टिक असतील तर दोन पायऱ्या. किट म्हणून घेतलेल्या असतील तर बहुधा पूर्ण किटच परत द्यावं लागतं, एक नाही.

नवी रॅम आली की तीही रात्रभर. मग एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या फाइल तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा, आणि बिघाडाच्या काळात सेव्ह केलेल्या फाइल जुन्या बॅकअपशी ताडून बघा.